काठी कोणत्या हातात

आमच्या अमडापूरच्या आखाड्यात एक सायकल दुरुस्तीवाला फरी-गदगा खेळायला येई. या खेळात उजव्या हातात चामडं मढवलेली काठी आणि डाव्यात ढाल असते. तो डावखुरा, म्हणून त्याचं सगळं उलटं. उस्तादांचा दंडक असा, की काठी उजव्या हातानंच कपाळाला लावायची. तो ती भक्तिभावानं लावे आणि मग गुपचूप डाव्या हातात घेई. मी दरवेळी फसे. शाळेत पोरांना दिशा शिकवणारा मी, ढाल एकीकडे धरी आणि मार दुसरीकडे खाई.

"गुरुजी, तुमी कुठं पाहून राह्यले?" तो हसून विचारी.

दसऱ्याला जिंकणाऱ्याला गावाचा फेटा बांधत. त्या दिवशी तो टोपी न घालताच आला, फेट्याला जागा हवी म्हणून. समोर दुसरबीडचा गडी होता. त्यानं उजव्या हातानं काठी कपाळाला लावली आणि गुपचूप डाव्या हातात घेतली. आमचा गडी ढाल कुठं धरावी या घोळातच राहिला आणि मार खाऊन हरला.

खांदा चोळत तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"गुरुजी, तुमाले रोज असंच होते काय?"

"हो रे, रोजच."

"मंग तुमी रोज येता काऊन?"

मी माझी टोपी काढून त्याच्या बोडक्या डोक्यावर ठेवली. ती त्याच्या कानांपर्यंत उतरली, तरी त्यानं ती काढली नाही.