झाकणाखालची पट्टी

लक्ष्मणराव रामटेक्यांनी आयुष्यात सांगण्याजोगी एकच गोष्ट केली, आणि ती कुठंच लिहिलेली नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत सीमेजवळच्या धावपट्टीवर एका डकोटा विमानाच्या इंजिनातली तेलाची नळी सैल झाली. नवा भाग यायला चार दिवस होते. हवाई दलात फिटर असलेल्या लक्ष्मणरावांनी दूध पावडरचा डबा कापला आणि त्याच्या पट्टीनं नळी आवळली. विमान जखमींना घेऊन आलं. पण असली दुरुस्ती नियमात बसत नाही. साहेबांनी नोंदवहीत एक अक्षरही लिहिलं नाही. भाग आल्यावर पट्टी कचऱ्यात गेली.

म्हातारपणी हिंदी मुलखातल्या अधारतालच्या घरात त्यांना छोटी विमानं जोडायचा नाद लागला. मुलगी हेमलतानं पुण्याहून डकोटाची पेटी पाठवली. तिच्यातलं इंजिन म्हणजे नुसती चपटी चकती! लक्ष्मणरावांनी नाक मुरडलं. मग तिनं रेझिन नावाच्या ओतीव प्लास्टिकची वेगळी इंजिनं मागवून दिली. सुपारीएवढी, पण चौदाच्या चौदा सिलिंडरं मोजून घ्यावीत अशी.

दोन महिने म्हाताऱ्यानं जीव ओतला. तोंडाला रुमाल बांधून रेझिन घासलं. तरी इंजिन आत जाईना, म्हणून वरचं झाकण आतून खरवडून पातळ केलं. पंख्याच्या जळक्या मोटारीतल्या तांब्याच्या तारा सोडवून वायरी केल्या. शेवटी दूध पावडरच्या डब्यावरचा चंदेरी पापुद्रा घेतला, त्याची बारीक पट्टी कापली आणि चिमट्यानं नळीवर आवळली.

"एवढं काय करून राहिले जी?" त्यांच्या पत्नी मालनबाईंनी विचारलं.

"नोंद करून राहिलो," ते म्हणाले.

शहरातल्या हौशी लोकांच्या प्रदर्शनात त्यांनी झाकण उघडं ठेवून विमान मांडलं. मालनबाई सोबत होत्या. परीक्षक पस्तिशीचा, डकोटाला जन्मात हात न लावलेला. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंट कधी कमी पडले आहेत? त्यानं मोबाइलवरचा फोटो इंजिनाशेजारी धरला.

"अंकल, ये पट्टी असली इंजन में होती ही नहीं."

"मैंने लगाई थी, भैया. एकहत्तर में."

"कोई फोटो? कोई रिकॉर्ड?"

लक्ष्मणरावांजवळ काय असणार? मागं कुणीतरी फिसकन हसलं. गुण कापले गेले. परतताना रिक्षात त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी तेच विमान नेलं. फरक एवढाच, की झाकण बंद करून पक्कं चिकटवलं होतं. परीक्षक तोच. पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर छापलं होतं, 'यथार्थता के लिए'.

घरी मालनबाईंनी विमान हातात घेऊन फिरवून पाहिलं. "पट्टी दिसत नाही जी."

"आत आहे. झाकण काढलं तर मोडते."

त्यांनी प्रमाणपत्रावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "एवढे शिकलेले लोक. तशी पट्टी नसतेच म्हणे. खरं सांगा जी, त्या विमानाले लावली होती का तुम्ही?"

चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकणाऱ्या बाईनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नसंन लावली," लक्ष्मणराव म्हणाले, आणि विमान कपाटात ठेवून दिलं.