ऊतच्या घरचं पान

मेकाँगच्या मुखाकडच्या गावांत थोरल्या लेकराला 'पहिला' म्हणत नाहीत. भुताखेतांची नजर लागू नये म्हणून मोजणीच दोनापासून. शेवटच्याला मात्र आकडा नाही, त्याला नुसतं 'ऊत', म्हणजे शेंडेफळ. हा शब्द कुठून आला विचाराल तर दहा म्हातारे दहा गोष्टी सांगतील. पण आईबापांनी म्हातारपणी राहायचं ते ऊतकडे आणि गेल्यावर त्यांचं पान मांडायचं तेही ऊतच्याच घरी, यावर सगळ्यांचं एकमत.

आमची ऊत मात्र कारखान्यातल्या कामासाठी थेट बुडापेस्टला गेली आणि तिथंच चपलांचा गाळा थाटून बसली. तिथं गल्लोगल्ली पाट्यांवर तिचंच नाव! हंगेरीत ऊत म्हणजे रस्ता.

"आमचे पूर्वज घोड्यांवरून इकडे आले ना, तेव्हाच हा शब्द सोबत घेऊन आले," शेजारच्या गिझीआजी सांगायच्या. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. "आणि तू गं रस्ताबाई, विकतेस काय, तर चपला!"

ऊत हसायची आणि खोलीवर येऊन तोंड पाडून बसायची. गावी वडील वारले होते, पहिलं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. थोरला भाऊ आईला आपल्याकडे बोलावून थकला, पण म्हातारी हटेना. "गाळा सोडला तर जागा जाईल गं. पुढच्या नवीन वर्षाला नक्की येते," ऊत दर फोनला म्हणायची. आई मुकाट ऐकून घेई. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एक दिवस भावाचा फोन आला. "आईला विमानात बसवलंय. तुला सांगायचं नाही, अशी तंबी होती मला. माझं ऐकते का ती कधी!"

जिल्ह्याच्या गावापुढे कधी न गेलेली म्हातारी रबरी सपाता फरफटवत विमानतळाबाहेर आली. नवऱ्याचा फोटो छातीशी घट्ट धरलेला. ऊतला रडू आवरेना.

"आई, अगं इथं माझी एकच खोली आहे, तीही भाड्याची. श्राद्ध आपल्या घरी व्हायला हवं ना?"

"मासे मिळतात ना इथं?"

"मिळतात."

"मग झालं तर. अगं, जाताना तुझा बाप 'घरी ठेवा' म्हणालाच नाही. 'मला ऊतकडे ठेवा' म्हणाला."