एक मूल कमी

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावात मुलीचा गणवेश घ्यायला दुकानात होतो. बाईंच्या निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. त्या फोनला आता दीड महिना झाला. त्यांच्यावर लिहायला बसलो की आधी मला त्यांचा रागच येतो. दुःख मागाहून येतं...

पाथर्डीच्या बाजूला एका वस्तीवर आमची दोनशिक्षकी शाळा. आठ वर्षं आम्ही दोघंच. मी बोलघेवडा, बाई मोजकं बोलणाऱ्या. एका प्रशिक्षणात 'लोकसंख्या : साधनसंपत्ती की ओझं' यावर मी ठोकून भाषण केलं, टाळ्या घेतल्या. बाईंनी तोंड उघडलं नाही. परतताना छेडलं, तर म्हणाल्या, तुमच्यासाठी तो विषय आहे, मला माणसं आठवतात. मला ते नाटक वाटलं.

त्या बोलण्याचा अर्थ कळला तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. आईबापांबरोबर पोरं ऊसतोडीला गेली की आमचा पट घसरायचा. दुसऱ्या दिवशी अधिकारी पटपडताळणीला येणार होते आणि ठरलेल्या किमान पटाला एक मूल कमी पडत होतं. शाळा बंद झाली असती, उरलेल्या लेकरांना ओढा ओलांडून दूरच्या गावी चालावं लागलं असतं. हिराबाईची सहा वर्षांची नात तेवढी वस्तीवर होती, तिचे आईबापही तिला घेऊन संध्याकाळच्या टेम्पोनं काष्टीकडं निघणार होते. आजीनं तिला ठेवून घ्यावं, एवढंच मागायचं होतं. बाई हिराबाईच्या दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. कडी मी वाजवली.

हिराबाईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. "तवा आलात, दोन बास म्हनालात," ती बाईंना म्हणाली. "माजं आपरेशन करून आनलं. वर्सात माजा गनेश हिरीत पडून गेला. आता शाळंला पोरं कमी पडत्यात व्हय?"

नोकरीच्या सुरुवातीला बाई याच वस्तीवर होत्या, आणि तेव्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणाव्या लागत, हे मी ऐकून होतो. सावरायला गेलो, की तो वरचा हुकूम होता, सरकारचं काम...

"सर, गप्प बसा," बाई म्हणाल्या. "हिच्या दारात मी आले होते. सरकार नव्हतं आलं."

नातीचा विषय त्यांनी काढलाच नाही. आम्ही तसेच परतलो. एका वाक्यात बाईंनी शाळा घालवली, असं वाटून मी वाटभर धुमसत होतो.

सकाळी अधिकाऱ्यांनी दोनदा मुलं मोजली, कागद पुढं ओढला... आणि हिराबाई आली, नातीचं मनगट घट्ट धरून. पोरीची वेणीही घातलेली नव्हती. बाईंनी नाव लिहून घेतलं. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पुढंही कधी बोलल्या नाहीत.

बाईंच्या शोकसभेत पाहुण्यांनी, कुटुंब नियोजनाच्या कामात बाई तालुक्यात पहिल्या होत्या, असं कौतुकानं सांगितलं. मागं हिराबाई बसली होती. मी तिकडं बघायचं टाळलं. सभा संपल्यावर ती जवळ आली.

"मी बाईला माफ केलेलं न्हाई, सर," म्हणाली. "पर 'हिच्या दारात मी आल्ते', आसं त्या येकट्याच म्हनाल्या. आपरेशनच्या कागदावर सही करनाऱ्या माज्या नवऱ्यानं बी कदी म्हनलं न्हाई."

बाईंच्या खुर्चीत आता मी बसतो. यंदाही मुलं कमी आहेत, उद्यापासून दारोदार फिरायचंय. कार्यालयानं त्यासाठी सहीशिक्क्याचं पत्र दिलंय. ते मी टेबलाच्या खणात ठेवून जाणार आहे.