दुसरी कुठंय?

झोपायला जाताना टीव्हीमागच्या काळ्या डब्याचं बटण मी खटकन बंद करायची, ही माझी अक्कल. सगळ्यांच्या फोनमधले फोटो, रेकॉर्डिंग घरच्या वायफायवरून त्या डब्यात उतरत. मला दिसे तो फक्त मिचकावणारा हिरवा दिवा. वीज वाचवणारी, सत्तरीची तरुण मुलगी होते ना मी.

डबा बसवला होता शेजारच्या भाऊजींनी. मूळचे नागपूरचे, कारखान्यातून आमच्या ह्यांच्याबरोबरच रिटायर झालेले. भोपाळच्या पिपलानीतले कारखान्याचे क्वार्टर सोडून दोन्ही घरं नेहरू नगरात आली, तीही भिंतीला भिंत लावून.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. किल्ली दिसली की भाऊजी विचारणार, "दुसरी कुठंय?" छत्री दिसली, "दुसरी कुठंय?" त्यांच्या घरचं अर्धं लोणचं कायम माझ्या फडताळात. "एका बरणीला बुरशी आली तर काय कराल, वहिनी?"

त्यांची बायको पोळ्या लाटता लाटता म्हणे, "ताई, माझी दुसरी कुठं ठेवलीय तेवढं विचारा."

मग आमचे हे गेले. मला रडू आलं नाही. भाजीवाला आला, भाजी घेतली. फोन म्हणाला जागा नाही, तर क्लाउडवर आहेच सगळं म्हणून फोनमधलं पुसून टाकलं. इथलं पुसलं की तिथलंही जातं, हे कळेपर्यंत महिने उलटले होते. त्यात ह्यांचं सकाळी मोठ्यानं पेपर वाचणं होतं. ह्यांचा आवाज तेवढाच.

उरला होता तो काळा डबा. भाऊजींनी तो उघडला. "रोज अशी लाइट तोडून राहिल्या का तुम्ही? आतली डिस्क मेली हो."

मी मान खाली घातली. ते उठले, घरी गेले, रुमालात गुंडाळलेली एक डिस्क घेऊन आले. दर दिवाळीला आमच्या डब्याची कॉपी काढून ते स्वतःच्या कपाटात ठेवत.

"असू द्या. दुसरी आहे."

ऐकलं. हे भोपाळच्या पाणीकपातीची बातमी वाचतायत, आणि मधेच भिंतीपलीकडून भाऊजी, "अहो, स्कूटरची किल्ली सापडेना. दुसरी कुठंय?" हे हसतात. पुन्हा पाणीकपात. मला काही वाटलं नाही. चहा निवला होता, तो तसाच प्यायले.

या हिवाळ्यात भाऊजी झोपेतच गेले. कपाटात निम्म्या गल्लीच्या डिस्का निघाल्या, रुमालात बांधलेल्या. लग्नं, बारशी, सगळं त्यांनीच शूट केलेलं. शूट करताना माणूस गप्पच असतो.

तेरावं झाल्यावर त्यांची बायको लोणच्याची बरणी घेऊन आली. ओट्यावर ठेवली. उभीच राहिली.

"ताई, तुमचे साहेब पेपर वाचतात ना, त्यात मधे आमचे हे बोलतात. मला त्याची दुसरी करून द्याल?"