चार नंबर गेला

विजेच्या दुकानात माल राहत नाही, किस्से राहतात. बल्बला गिऱ्हाईक येतं, होल्डरला येतं. किश्शाला कोण येणार? घरी ऐकणारं माणूस असेल तर ते रोजच्या रोज खपतात. माझ्याकडे काही वर्षं नुसते साचताहेत. तेव्हा तुम्ही आलाच आहात, तर बसा. सावकाश बसा!

मंगरूळपीरला माझं दुकान. सत्तर साल उलटलं, खेड्यांत तारा पोचल्या आणि ज्याला त्याला नव्या घरात काहीतरी 'ऑटोमॅटिक' बसवायची हौस आली. मी शिकलो चौथी. वीज शिकलो ती कॅटलॉगातली चित्रं बघून. बसवायचं काम सुखदेव वायरमनचं. माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ, हाताचा स्वच्छ. तार जोडून टेप गुंडाळली की शेवटचं टोक तो हमखास दुमडून ठेवायचा.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"उद्या खोलनाराले नख लावाले जागा पायजे ना, शेठ!"

* * *

केनवडचे एक पाटील नव्या घराचं सामान निवडायला आले. म्हणाले, "सगळं आटोमॅटिक पायजे."

"म्हणजे कसं?"

"म्हंजे म्या खाटीवरून उठाले नाई पायजे!"

मी त्यांना उशाशी लोंबणारा स्विच दिला. पडल्या पडल्या दिवा लावा, पडल्या पडल्या विझवा. पाटील खूश.

उन्हाळा लागला आणि पाटील तावातावानं दुकानात हजर. "कायचं आटोमॅटिक हो? खाट गेली आंगनात, स्विच राह्यला घरात. आता दिवा विझवाले उठून आत जा लागते, अन् अंधारात खाट हुडकत बाहीर या लागते!"

* * *

गावातल्या एका हेडमास्तरांनी दाराला बेल बसवली. शेजारी स्वतःच्या अक्षरात पाटी: 'कृपया बेल वाजवावी.'

महिन्यानं मी विचारलं, "काय मास्तर, बेल कशी चालते?"

"बेल उत्तम आहे. पण लोक दारात उभे राहून ओरडतात, मास्तऽऽर, बेल वाजवू काय?"

* * *

आसेगावच्या एका घरी जिन्याला दोन स्विच बसवले. दिवा एकच, खालून लावा, वरून विझवा, नाहीतर उलट. तेव्हा ती मोठी अपूर्वाई होती. त्या घरात बाप खाली राहायचा, लेक माडीवर. दोघांचं बोलणं बंद.

आठच दिवसांत निरोप आला, जिन्याचा दिवा पागल झाला! सुखदेव जाऊन पाहतो तर संध्याकाळी बाप खालून दिवा लावून राह्यला, लेक वरून विझवून राह्यला. पुन्हा लाव, पुन्हा विझव. तासभर हाच खेळ.

सुखदेव म्हणाला, "मायबाई, वरचा स्विच काढूनच टाकतो."

लेकाची म्हातारी आई म्हणाली, "नोको रे बाप्पा. तेवढंच त बोलून राह्यले दोघं."

* * *

आता माझ्या घराचं.

लोकांची घरं ऑटोमॅटिक करून देणाऱ्याचं स्वतःचं घर साधं कसं असेल? नवं घर बांधायला काढलं, तेव्हाच मी अकोल्याहून घंटीचा बोर्ड आणला. पाच खोल्या, पाच बटनं. कोणत्याही खोलीत बटन दाबा, बैठकीत घंटी वाजणार आणि बोर्डावर त्या खोलीचा नंबर टपकन खाली पडणार. एक नंबर आमची खोली, दोन मोठ्या मुलाची, तीन धाकट्याची, चार लेकीची, माहेरी येईल तेव्हा. पाच स्वयंपाकघर.

बायको म्हणाली, "घंटी देवळात वाजवायची. घरात माणसाला हाक मारावी."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

छताचा स्लॅब टाकायच्या आधीच ती गेली. हाक मारायचा प्रश्न मिटला.

वास्तूच्या दिवशी मुलं, सुना, नातवंडं सगळे आले. पाची नंबर दिवसभर टपाटप पडत होते, घंटी तापली! तिसऱ्या दिवशी ज्याची त्याची एस.टी. लागली. मुंबई, पुणे, खांडवा. त्यानंतर बोर्डावर एक नंबर पडेल तर शपथ. बटन दाबायलाही मीच आणि बघायलाही मीच; मी आतून बाहेर येईपर्यंत घंटी गप्प.

* * *

पावसाळ्यात तीन नंबर खरोखरच बिघडला. सुखदेव आला. तो आत, मी बोर्डासमोर.

"पडला काऽऽ?"

"नाही पडलाऽऽ!"

"आता?"

"पडला, पडलाऽऽ!"

साऱ्या घरात आवाज घुमला. काम दहा मिनिटांचं, चहा तासाचा. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

पंधरा दिवसांनी दोन नंबर गेला. मग पाच. मग पुन्हा तीन. तुमच्यापासून काय लपवायचं? स्क्रूड्रायव्हर माझाच होता!

* * *

अशाच एका फेरीला, सुखदेव स्वयंपाकघरात असताना, आमच्या समाजातले एक पाहुणे टपकले. चहा आला. पहिला घोट घेऊन म्हणाले, "वा! बाई ठेवली वाटतं?"

"नाही. वायरमननं केला. आमचा सुखदेव, पलीकडच्या बौद्धवाड्यातला."

पाहुण्यांनी कप हळूच खाली ठेवला. एकदम त्यांना गाडीची वेळ आठवली!

सुखदेव बाहेर आला, कपाकडे बघितलं. मी म्हणालो, "बरं झालं. मला दोन कप मिळाले."

"अर्धा इकडं सारा," तो म्हणाला. "साखर मीच टाकली हाये."

* * *

मग एक दिवस सुखदेवनं सगळ्या खोल्या फिरून एकेक जोड तपासला. पेटी बंद करत म्हणाला, "शेठ, आता या घरात बिघडासारखं काई उरलं नाई. वीस वरसं मले बलवाचं काम नाई."

चोरी पकडली गेली, हे मी ओळखलं. लाजेनं स्क्रूड्रायव्हर दुकानात नेऊन ठेवला. दोन महिने सुखदेवचं पाऊल घरी नाही. मी दुकानातून यायचो, कुलूप काढायचो, जिन्याचा दिवा खालून लावायचो आणि वर जाऊन मीच विझवायचो.

दिवाळीच्या सुमारास एकदा मी दुकानात असताना तो घराची किल्ली मागून घेऊन गेला. म्हणाला, "माही पक्कड राह्यली तुमच्या घरी." दहा मिनिटांत किल्ली परत.

त्यानंतर रोज दुकानात यायचा. कधी फ्यूज वायर, कधी दोन स्क्रू. आणि जाताना विचारायचा, "घरी सगळं ठीक हाये ना, शेठ?"

"ठीक आहे."

"नाई, बटनं दाबून पायत जा कधीमधी. गंजतात."

एकदा घरी गेल्यावर दाबून पाहिली. एक वाजलं. दोन वाजलं. तीन वाजलं. चार गप्प! बटनाचं झाकण खोललं. तार स्क्रूखालून बाहेर काढलेली. तिच्या उघड्या टोकावर नवी कोरी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं.

मी झाकण तसंच लावलं. चपला घातल्या आणि तडक सुखदेवच्या घरी गेलो. तो ओसरीवर पंखा खोलून बसला होता.

"सुखदेव," मी म्हणालो, "चार नंबर गेला."

त्यानं मान वर केली नाही.

"आठ दिस लागले, शेठ, तुमाले?"