‘माळावर’चा शेवटचा सूर आणि निमगावची लाईट

लग्नानंतर माधवने मला पहिली भेट दिली ती एक कॅसेट. ‘वेडी बाभळ’ या बँडचा एकुलता एक अल्बम, ‘माळावर’. निमगाव केतकीच्या चार पोरांनी ऐन तारुण्यात केलेलं मराठी रॉक. त्यातलं शेवटचं गाणं मी इतकं ऐकलंय की आमचा कुकरही त्याच सुरात शिट्टी मारतो असं मला वाटतं.

त्या गाण्यात गायकाचा आवाज गिटार-ड्रमसकट हळूहळू चढत जातो आणि शेवटी पार आभाळाला टेकतो. या चढण्यावर जगणारा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुण्यात आहे. कुणाला त्यात कुंडलिनी दिसते, कुणाला दुष्काळ. माधवला दोन्ही दिसतं. ग्रुपने अल्बमच्या कौतुकाचा कार्यक्रम ठरवला आणि गायकाला बोलवायला माधवला धाडलं. अट एकच: तो सूर स्टेजवर लागला पाहिजे. मी निघाले ती इंदापूरला मासे खायला.

शनिवारी सकाळी सोलापूर रस्त्याने निघून चौफुल्याला सुप्याकडे वळलो. रस्ता चांगला आहे, पण पाणी सोबत ठेवा. सुप्याच्या माळावर हरणं दिसतात म्हणे. आम्हाला दिसली नाहीत, कारण माधवने गाडी थांबवून, काचा खाली करून ‘माळावर’ लावलं. माळावरच ऐकायचं, हा त्याचा हट्ट. मोटारसायकलवरून जाणारे एक आजोबा थांबले.

“गाडी बंद पडली व्हय?”

“नाही, गाणं ऐकतोय.”

“मग चालत्या गाडीत ऐकू येत न्हाय का?”

बारामतीत जेवलो. रस्ते आमच्या पुण्याला लाजवतील असे, आणि थाळीतली भाकरी संपायच्या आत दुसरी येते. पुढे भवानीनगरवरून निमगावचा रस्ता धरला. उसाचा हंगाम असेल तर घाई करू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कुणाच्या बापाला साईड देत नाही.

गायक, म्हणजे तात्या, आता साठीच्या पुढचे. पानमळ्यात विड्याची पानं खुडत होते. माधव थेट पायाच पडला. मग त्याने चढणाऱ्या सुराचं अध्यात्म सांगायला घेतलं. तात्यांनी खुडलेली पानं टोपलीत टाकली.

“त्यो आवाज माझा न्हाय,” ते म्हणाले.

माधवला हा विनय वाटला. तात्यांनी विहिरीवरची मोटारीची खोली दाखवली. “हितं टेपवर भरलं गाणं. शेवटचं गाणं चालू झालं, अन् तेवढ्यात आजूबाजूच्या मळ्यातल्या मोटारी एकेक करून सुरू झाल्या. लाईट उतरत गेली, टेप हळू फिराय लागला. हळू भरलेलं चांगल्या लाईटीवर लावलं की गाणं पळतंय, आवाज बारीक व्हतोय. बारामतीत कॅसेट वाजवली तवा आमीच हसलो. पण दुकानदार म्हणला, ऱ्हाऊ द्या, झ्याक वाटतंय.”

म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात कुंडलिनी नव्हती, व्होल्टेज होतं. मी हसू दाबलं. पण तात्या हसत नव्हते.

“मग पुण्यात एका कॉलेजात गायला बोलावलं. गळा फाटस्तवर वरडलो, पर त्यो सूर काय लागंना. पोरं म्हणली, कॅसेटवर दुसराच कुणीतरी गायलाय. परत माईक धरला न्हाय.”

“पण तात्या, आता थोडा रियाज केलात तर...” माधव म्हणाला.

तात्यांची बायको चहा घेऊन आली होती. “अवो, मग त्या लाईटीलाच न्या की पुण्याला!”

चहा झाल्यावर तात्या पुन्हा पानं खुडायला लागले. थोड्या वेळाने तेच गाणं स्वतःशीच म्हणू लागले. जाडाभरडा, खाली बसलेला, सावकाश आवाज. त्या गाण्यातले शब्द मला पहिल्यांदा नीट कळले, आणि मला ते मनापासून आवडलं.

इंदापुरात उजनी धरणातली चिलापी मासळी मिळाली. वरून कुरकुरीत, आत मऊ; जरूर खा. माधवने त्याची चिलापी तशीच ठेवली. ती मी खाल्ली.

घरी आल्यावर माधवने ग्रुपला सगळं सांगितलं. ग्रुपचं मत पडलं की थोर कलावंत असंच काहीतरी बोलतात. माधव रुसून बसला. मी लॅपटॉपवर ते गाणं घेतलं आणि आवाज जिथे चढू लागतो, तिथून पुढे वेग कमी कमी करत नेला. अंदाजाला माझ्या कानात पानमळ्यातला आवाज होताच. माधव तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

“हे कोण गातंय?”

“तात्या.”

तो फेस तोंडात धरूनच गाणं संपेपर्यंत उभा राहिला. मग त्यानेच ते तात्यांना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा फोन आला. “ताई, सकाळधरनं त्येच लावून बसल्यात. आवाज माझाच हाय म्हणत्यात. पुण्याला यायचं म्हणत्यात, पर म्हणणार असंच, खालच्या आवाजात. चालंल का?”

माधवने ग्रुपवर विचारलं. तिथे अजून चर्चा चालू आहे. मी काकूंना ‘या’ म्हणून सांगून टाकलंय.