प्रिंटर लावून देणारा माणूस

"आधी कागदाला हवा लागू द्या, काका."

असं म्हणून तो कोऱ्या कागदांची गड्डी हातात घ्यायचा, कडेवरून अंगठा फिरवून फर्रकन सोडायचा आणि टेबलावर दोन्ही बाजूंनी ठोकून सारखी करायचा. एवढं झाल्याशिवाय प्रिंटरमध्ये कागद जायचा नाही. "कागदच कागदाला चिकटलेला असतो, अन् आपण शिव्या देतो मशीनला," हे त्याचं ठरलेलं बोलणं.

वसमतला आमच्या भागात ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्याच्याकडे तो कधी ना कधी येऊन गेलेला असायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल. पाठीवर काळी बॅग, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं एका शटरचं दुकान होतं, पण तिथं तो क्वचित सापडायचा. फोन केला की म्हणायचा, "निघालोच हाय." त्या वेळी तो हमखास कुणाच्या तरी घरी जेवायला बसलेला असायचा.

लोकांचा त्याच्यावर जीव होता तो एका सवयीमुळे. तुम्ही पासवर्ड टाकायला लागलात की तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. नुसता पाठमोरा बसायचा नाही, तर भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे त्याचं लक्ष आपल्याकडे नाही याची तुम्हाला खात्री पटावी. "काकू, परवा संकष्टी हाय बरं का." एकदा शेजारच्या मास्तरांना पासवर्ड आठवेना, तेव्हा त्यानं अख्खा श्रावण वाचून काढला होता. कुणाच्या कॉम्प्युटरात काय पाहिलं, ते त्याच्या तोंडून दुसऱ्या घरी गेल्याचं कुणी कधी ऐकलं नाही.

मी कचेरीतून निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही प्रिंटर घेतला. आमची लेक मेघा घरी शिकवण्या घ्यायची, प्रश्नपत्रिकांसाठी सारखं झेरॉक्सच्या दुकानात जावं लागायचं. रविवारी सकाळी तो आला. खोकं उघडून त्यानं आतल्या नारंगी चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. "एक जरी ऱ्हायली ना, तर मशीन आतल्या आत रडत बसतं." मग शाई भरली, वायर जोडली, इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेतलं. पुढं म्हणाला, "आता एखादा कागद द्या छापायला. मराठी द्या, मराठीतच खरी परीक्षा असते."

कॉम्प्युटरवर मराठीतलं एकच पान होतं. मेघाचा लग्नाचा बायोडेटा. तो पूर्वी बाहेर टाईप करून आणला होता, आणि छापल्यावर कागदावर अक्षरांऐवजी नुसते कंस, टिंबं आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं उमटली. आमची ही घाबरली. तिला तो अपशकुन वाटला. तो मात्र हसला. "फॉन्ट न्हाई काकू, बाकी काय न्हाई." फॉन्ट टाकूनही काही शब्द मोडलेलेच राहिले, तेव्हा मेघाला शेजारी बसवून त्यानं ते पान ओळीओळीनं नीट केलं. नाव, शिक्षण, उंची, मामांचं गाव. "ताई, तुमचं शिक्षण लई हाय, एका ओळीत मावना," असं म्हणत त्यानं जागा करून दिली. स्वच्छ पान बाहेर आलं तेव्हाच त्यानं चहाचा कप उचलला. निघताना म्हणाला, "एक कॉपी मला द्या काकू. मी धा घरं फिरून राहिलो. नजरेत आलं एखादं तर सांगन."

ही देवापुढं ठेवलेल्या डब्यातला लाडू त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "सांग रे बाबा."

दिवाळीनंतर त्यानं स्थळ आणलं. वारंगा फाट्याजवळ खतं-बियाण्यांचं दुकान, शेती, एकुलता मुलगा. मंडळी आली, बोलणी नीट झाली, मुलगाही बोलायला शांत होता. चौकशी करायला त्या भागात आमचं कुणी नव्हतं. मग मी यालाच ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, "तुझं त्या घरी जाणंयेणं आहे. खरं सांग, माणसं कशी आहेत?"

"बराबर माणसं हायेत, काका."

"तुझी बहीण असती तर दिली असतीस तिथं?"

त्यानं पायातली चप्पल जरा सरकवली. "डोळे झाकून," म्हणाला.

साखरपुडा झाला. तो त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे राबला. खुर्च्या लावल्या, पाहुण्यांना पाणी दिलं, फोटो काढले. हिनं त्याला टोपी-उपरणं दिलं तर डोळे पुसत म्हणाला, "काकू, मी घरचाच हाय."

लग्नपत्रिकेचा मजकूर मेघा आमच्याच प्रिंटरवर छापून बघत होती, त्या सुमारास एका दुपारी एक माणूस दारात आला. सेनगावकडच्या साखऱ्याचा शेतकरी होता. आत बसला, पाणी प्याला आणि तांब्या बाजूला सरकवला.

"तुमच्या पोरीचं जमलं म्हणून ऐकलं," तो म्हणाला. "आमची बहीण त्याच घरी दिली व्हती. दीड वरीस नांदली. मारहाण झाली म्हणून आमी माघारी आणली. सोडचिठ्ठी झाली न्हाई अजून. तुमाला म्हाईत असलं तर मी उठतो."

ही आतल्या दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली. मी म्हणालो, "आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या ओळखीच्या माणसानं स्थळ आणलं." आणि त्याचं वर्णन केलं.

"कॉम्प्युटरवाले?" त्या माणसानं मान वर केली. "ते तर वळखतेत तिला. त्या घरी मशीन बसवायला आले तवा तिनंच चहा केलता. चांगले माणूस हायेत म्हणून सांगायची. तिला मराठी टाईप करायला शिकवलं म्हणायची."

मेघा शिकवणीच्या खोलीतून बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला ते ताई म्हणत होते."

मी तसाच चालत त्याच्या दुकानात गेलो. त्या दिवशी तो नेमका सापडला. कुणाचा तरी प्रिंटर उघडून कापसाच्या बोळ्यानं आतली शाई पुसत होता. मला बघून त्यानं स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही.

"साखऱ्याच्या त्या मुलीला तू ओळखतोस? ती मार खाऊन माघारी गेली, हे माहीत होतं तुला?"

त्याचा हात थांबला. खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. "व्हय," म्हणाला.

"मग काहून नाही सांगितलं?"

"काका, मला वाटलं ते तुटलेलंच हाय. तिकडं कोणाच्या घरातलं मी इकडं सांगत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"नसतं सांगायचं तर गप्प बसायचं होतंस. मी विचारल्यावर माहीत नाही म्हणायचं होतंस. तू तर शब्द दिलास."

त्यानं निळीकाळी बोटं त्याच बोळ्याला पुसली. मग हळूच म्हणाला, "फाट्यावर माझा ॲक्सिडेंट झालता तवा त्याइनंच मला दवाखान्यात नेलं. म्हाताऱ्यानं माझ्या उशाशी बसून रात काढली. त्याइनं सांगितलं, पोराचं एवढं जमवून दे. मी काय म्हणणार व्हतो, काका? माझ्याशी तर ते बराबरच वागले."

मी दुकानातून बाहेर पडलो. येताना वाट सरत नव्हती. परक्या माणसानं फसवलं तर माणूस गावभर सांगतो. याच्याबद्दल कुणाला काय सांगणार होतो? आमच्या लेकीच्या नावाची अक्षरं त्यानं आपल्या हातानं नीट केली, आणि तीच घेऊन तो तिथं गेला, जिथं दुसरी कुणाची तरी लेक मार खाऊन परतली होती. हे माहीत असून गेला.

लग्न मेघानंच मोडलं. मुलाला फोन लावून तिनं शांतपणे विचारलं, "तुमची बायको साखऱ्याला आहे ना?" पलीकडून 'आम्ही सांगणारच होतो' असं सुरू झालं, तिनं फोन ठेवला. अंगठी, साड्या परत गेल्या. गावात लोक पुष्कळ दिवस आम्हालाच विचारत राहिले की मुलीकडून काही होतं का. मेघा आता परभणीला एका शाळेत शिकवते. त्या शेतकऱ्याच्या बहिणीशी तिचं अधूनमधून बोलणं असतं. काय बोलतात, मी विचारत नाही.

तो मग आमच्याकडे आला नाही, आम्ही बोलावलं नाही. प्रिंटर अडला की ही आत जाऊन काहीतरी काम काढते. एकदा तर म्हणाली, "त्याला आवडतात म्हणून जास्तीचे वळले," आणि लाडवांचा डबा तसाच झाकण लावून ठेवला. माझा राग मला समजतो. हिचं हे मला समजत नाही, किंवा समजतं म्हणून मी बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी हिंगोलीच्या एसटीत चढलो. गाडी भरलेली होती. मधल्या सीटवर तो बसला होता, मांडीवर चादरीत बांधलेला कुणाचा तरी प्रिंटर. केस बरेच पांढरे झालेले. मला बघताच तो ते ओझं दोन्ही हातांनी छातीशी धरून उठला आणि जागा सोडून बाजूला उभा राहिला. मानेनंच सीट दाखवली.

मी बसलो नाही. वरचा दांडा धरून उभा राहिलो. तोही परत बसला नाही. खड्डा आला की तो खांबाला पाठ टेकवून तोल सावरायचा आणि प्रिंटर आणखी घट्ट धरायचा. आजूबाजूचे लोक एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचे, पण त्या जागेवर कुणी सरकलं नाही. शेवटी पुढच्या फाट्यावर भाजीचं टोपलं घेऊन एक बाई चढली. तिनं आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "हितं कोणी हाय का?"

दोघंही एकदमच म्हणालो, "न्हाई."